बाई पळायलीय, कोण अडलं?

सव्वीस मैल पळायचं वेड मला मेडिकलला असताना लागलं, आणि सरकारनं नेमणूक दिली जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यात. पुण्याला एक मोठी शर्यत व्हायची. माझ्या मैत्रिणीनं आदल्या वर्षी ती पुरी केली आणि पत्रात आपली वेळ सेकंदासकट कळवली. आगाऊपणा नुसता! मला तिच्यापेक्षा एक मिनिट तरी आधी पोचायचं होतं. बाकी काही नको होतं.

रजेसाठी परभणीला साहेबांकडे गेले. "पळायला रजा?" साहेबांनी चष्मा काढला. "आजारी पडा, लगेच देतो." चौथ्या खेपेला सही मिळाली.

सराव पहाटे, ओपीडीच्या आधी. सलवार-कमीज आणि कॅनव्हासचे बूट घालून बोरीच्या रस्त्याला लागले की गावभर बोंब, "बाई पळायलीय, कोण अडलं?" डॉक्टरीण पळते म्हणजे कुठंतरी बाळंतीण अडलेली, यापलीकडे कारणच त्यांच्या डोक्यात शिरेना. माझं तोंड ज्या वस्तीकडे, तिथल्या पोटुशीची चौकशी सुरू. एक सासू तर माझ्यावरच उखडली, "माझी सून सातव्यात हाय. तुमी कशाला अपशकून करायलाव?" बैलगाडीवाले थांबून म्हणायचे, "बसा बाई." सरपंच तर फटफटी आडवीच घालायचे. एका सकाळी माझं टाळकं सरकलं. चावडीपुढं उभी राहून सुनावलं, "मी हौसेनं पळते. यापुढं मला कुणी थांबवायचं नाही, बसा म्हणायचं नाही!" हौसेनं पळणं लोकांना लय अजब वाटलं, पण त्यांनी ऐकलं.

शर्यत पंधरा दिवसांवर आली असताना दीड कोसावरच्या वस्तीवरून एकजण धापा टाकत आला. बाळ झालं, वार अडकलीय, रक्त थांबत नाही. दवाखान्याची जीप परभणीला मीटिंगला गेलेली. बॅग पाठीला बांधली आणि सुटले. अर्ध्या वाटेत मागून फटफटी आली. सरपंच! मी दोन्ही हात हलवले, घसा फोडून ओरडले. त्यांनीही हसून हात हलवला, "चालू द्या बाई, चालू द्या! आमी कशाला मधी येतो?" आणि गेले की हो निघून! त्यांची धूळ खात मी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

वस्तीच्या तोंडाशी गाडीवाटेच्या चाकोरीत पाय मुरगळला. कट्‌कन आवाज आला. उरलेली वाट लंगडत काढली. वार हातानं सोडवली, पोट चोळत बसले, तेव्हा कुठं रक्त आटोक्यात आलं. बाळंतीण जगली. मग माझ्या घोट्याकडे लक्ष गेलं, तो सुजून टम्म झाला होता. परभणीला नेऊन प्लास्टर घातलं.

शर्यतीच्या रविवारीच गावानं माझा सत्कार ठेवला. शाल झाली, नारळ झाला, आणि सरपंच भाषणाला उठले. "त्या दिवशी बाई मला रस्त्यात दिसल्या. मी वेळ वळखली. म्हणलं, अशा वक्ताला बाईला थांबवणं बरं न्हाई." टाळ्यांचा कडकडाट! पुण्यात तेव्हा पोरी पळत असतील, माझी मैत्रीणही. मी प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून बसले होते. इतका संताप आला, इतकं वाईट वाटलं, की मला हुंदका आवरेना.

"बघा," सरपंच माईकमध्ये म्हणाले, "बाईला गहिवरून आलं."