आत गेलो होतो, दोनदा

हो, मला दोनदा आत टाकलं होतं, दारूपायी. एकदा पांढुर्ण्याच्या गोटमारीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून दगड भिरकावतात, त्या गर्दीत मी मोहाची ढोसून शिपायाच्याच अंगावर धावलो होतो. दुसऱ्यांदा इथंच, सौंसरला, आमच्या गल्लीत. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, पण आजही कोणी विचारलं तर सांगतो. लाजायचं काहून?

त्यानंतर बाटलीला शिवलो नाही. पोळे आले, कोरडे गेले. मग नागपूरकडच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात फिटरची जागा निघाली. परीक्षा पास झालो. पण तिथं पोलीस चौकशीत माणूस भरवशाचा ठरला तरच आत घेतात. अर्जात सरळ प्रश्न होता: कधी अटक झाली होती का?

माझे काका शाळेत मास्तर. ते म्हणाले, "'नाही' लिव. एवढं जुनं कोण पाहून राहिलं?"

"मी पाहून राहिलो ना!" म्हटलं, आणि दोन्ही वेळा लिहून टाकल्या. खोटं लिहून घुसलो असतो तर जन्मभर दाराकडे बघत बसलो असतो. काकांनी कपाळावर हात मारला. "आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला पोट्ट्यानं!"

मग चौकशीला जमादार आला, अन् गल्लीनं घोळ केला. आमच्याकडे रिवाजच आहे, पोलीस दिसला की आपल्या पोराबद्दल वाकडा शब्द काढायचा नाही. किराणावाला म्हणाला, "दारू? अजी साहेब, हा तं सुपारीही खात नाही." संत्र्याच्या दलालानं तर देवाची शपथच घेतली. ज्याच्या ओट्यावर मी ओकलो होतो, तोच हा दलाल!

जमादार चिडला. "हा लिहितो दोनदा पकडलं, तुम्ही म्हणता थेंब घेतला नाही. जुनी भानगड एक वेळ चालून जाते. पण सारी गल्ली लपवून राहिली म्हणजे हा आजही पीत असन. तसंच लिहितो."

माझं डोकं सणकलं. "खोटारडे लेकाचे! कोणी सांगितला होता हा उपकार? माझी नोकरी जाऊन राहिली!" मी ओरडलो. किराणावाला मलाच डोळ्यानं दटावत होता, गप बस बे म्हणून.

तेवढ्यात माय दारात आली. हाताला पीठ तसंच होतं.

"प्यायचा, साहेब," ती म्हणाली. "दुसऱ्या वेळी शिपाई मीच आणला होता. मीच गेली होती ठाण्यात."

मी थक्क झालो. तोवर मी त्या दलालावरच संशय घेत होतो, मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होतो.

"अन् आता पितो?" जमादारानं विचारलं.

"पीत असता तं आजही सांगितलं असतं. पोटच्या पोराले पकडून देल्लं मी. माह्यावर भरवसा नसन तं कोणावर ठेवता?"

जमादारानं तिचंच म्हणणं लिहून घेतलं. गल्लीकडे पाहिलंसुद्धा नाही.

नोकरीचं बोलावणं आलं. मी मायच्या पाया पडलो, तर तिनं पाठीत धपाटा घातला.

"जाय," म्हणाली. "पण पिऊन आला, तं ठाणं अजून तिथंच आहे."