गढूळ पाण्याची खबर

आई गेली आणि चार महिन्यांनी मी अण्णांना गावाहून बोरीवलीला घेऊन आले. वडील एकोणसत्तरचे, मी बेचाळीसची, अंधेरीत विमा कंपनीत नोकरी करणारी आणि घरात एकटी. आमची सोसायटी नॅशनल पार्कच्या अंगाला आहे. गॅलरीत उभं राहिलं की झाडंच झाडं दिसतात. वाटलं, अण्णांना करमेल. पण ते झाडांकडे बघायचेसुद्धा नाहीत. सोसायटीची टाकी भरून वाहायला लागली की मात्र त्यांना आतल्या खोलीत कळायचं. तडक खाली जाऊन वॉचमनला म्हणायचे, "पाणी वाया चाललंय की, बंद कर ना!" तेवढं झालं की पुन्हा दिवसभर गप्प. रविवारी बुद्धविहारात जायचे, तिथेही शेवटच्या रांगेत बसून परत यायचे.

मराठवाड्यात ते पाटकरी होते. कालव्याच्या काठाकाठानं काळी बावीस इंची सायकल दामटत फिरायचं, कुणाच्या शेताला पाणी पोचलं, कुणाचं राहिलं ते बघायचं, दारं उघडायची, लावायची, कुठं गळतंय का त्यावर नजर ठेवायची. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायची वेळ आली की मी 'सरकारी नोकरी' असं लिहायचे. पाटकरी म्हटलं की मुंबईतल्या मुली विचारायच्या, म्हणजे काय? सांगितलं की म्हणायच्या, अच्छा, पाणी सोडतात. त्यात खोटं काही नव्हतं. तरी मला ते नको वाटायचं.

माउंटन बाइकचं खूळ माझ्या डोक्यात घातलं ते ऑफिसातल्या मैत्रिणीनं. ती मुलुंडची. मोठ्या आवाजाची, एका जागी न बसणारी. माझी पाठ सारखी दुखायची, त्यावर तिचं औषध एकच: "सायकल चालव. रस्त्यावरची नाही गं, जंगलातली. सगळे सांधे मोकळे होतात." तिच्या ओळखीतून मी एक वापरलेली बाइक घेतली. गोरेगावला आरेतल्या कच्च्या वाटांवर दोन महिने पडत-धडपडत शिकले. बाइक घरी आणली तेव्हा अण्णांनी तिचं जाड टायर दाबून पाहिलं.

"रस्ता सोडून खड्ड्यातनं जायाला ही सायकल?"

"हो."

"आमाला खड्ड्यातनं जावं लागायचं. तुमी मुद्दाम जाता."

एवढं बोलून ते आत गेले. त्या आठवड्यातलं त्यांचं सगळ्यात मोठं बोलणं ते.

जानेवारीत मैत्रिणीनं बेत काढला. पालघर जिल्ह्यात आत एका जंगलातून वाट जाते, ती उतरून कालव्याला मिळते. मग कालव्याच्या काठानं दहा-बारा किलोमीटर सपाट. मी फोनवर तिच्याशी बोलत होते. अण्णा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला.

"कालव्याला पाणी सोडलंय का?"

मी मैत्रिणीला विचारलं. सोडलं होतं.

"मी येतो," अण्णा म्हणाले.

मला वाटलं, गाडीत बसून येतील. पण मैत्रीण शनिवारी पहाटे आली ती गाडीच्या मागे तीन सायकली लावून. तिसरी तिच्या नवऱ्याची. "काका, गियर असे बदलायचे," ती दाखवायला लागली. अण्णा म्हणाले, "गियर कशाला? पाय हायेत की."

जंगलातली वाट सागाची होती. खाली वाळलेल्या पानांचा थर, त्याखाली दगड, आणि कुठला दगड हलतोय ते चाक त्यावर गेल्याशिवाय कळत नाही. मी दोनदा पडले, एकदा चांगलीच; कोपर सोललं. मैत्रीण उतारावर सीटवरून उठून आरडाओरडा करत सुटायची. अण्णा मागून येत होते. अवघड जागा आली की शांतपणे उतरायचे, सायकल हातात धरून चालायचे, सपाटी आली की एक पाय पॅडलवर ठेवून दुसऱ्या पायानं ढकलत ढकलत टांग टाकायचे. दर वळणावर मी थांबून मागे बघत होते. शेवटी ते चिडले. "मी काय पडत न्हाई. तू समोर बग."

झाडी संपली आणि एकदम कालवा आला. काठोकाठ भरलेला, संथ वाहणारा. काठाचा भराव रुंद होता, मातीचा, वर बैलगाडीच्या चाकोऱ्या. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खोल उतार, खाली उन्हाळी भाताची ताजी लावणी, मिरचीचे वाफे आणि त्यापलीकडे पाड्यावरची घरं. तिथं अण्णा आम्हाला मागे टाकून पुढे गेले. मी आणि मैत्रीण एकमेकींकडे बघत राहिलो. ताठ पाठ, एक हात हँडलवर, दुसरा मांडीवर. पाण्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते सारखे उलट्या बाजूला, भरावाच्या पायथ्याशी बघत होते.

तीनेक किलोमीटर गेल्यावर ते थांबले. सायकल आडवी टाकून उतारावरून खाली उतरले. आम्ही पोचलो तोवर ते उकिडवे बसून गवत बाजूला करत होते. तिथं मनगटाएवढ्या भोकातून पाणी येत होतं.

"लीक आहे का काका?" मैत्रिणीनं विचारलं.

अण्णांनी ओंजळ भरून आम्हाला दाखवली. "साफ पाणी पाझरलं तर पाझरू द्यावं. हे गढूळ यायलंय. म्हंजे आतनं भरावाची माती चाललीय. खेकड्याचं बीळ असंल. दुपारपत्तोर हितं बैल जाईल एवढं भगदाड पडंल."

मी खाली घरांकडे बघितलं. एका अंगणात कुणीतरी धान्य पाखडत होतं.

फोनला रेंज नव्हती. अण्णा उठले, आणि मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं अशा आवाजात बोलायला लागले. मैत्रिणीला म्हणाले, "पोरी, तू पाड्यावर जा. माणसं आण, घमेली, फावडी, रिकामी पोती. आणि भुसा. भुसा इसरू नको." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू वरच्या अंगाला जा. दार असंल, तितं माणूस असंल. त्याला म्हणावं पाणी निम्म्यावर आण, पर एकदम तोडू नको. एकदम तोडलं तर काठ ढासळतेत. हळूहळू. जा, आता दामट सायकल."

मी निघाले. ती वाट आम्ही अजून पाहिली नव्हती. पहिला किलोमीटर ठीक गेला. मग भराव अरुंद झाला, निवडुंग आणि करवंदीची काटेरी झाडी दोन्हीकडून आत आलेली. एका जागी झाड पडलं होतं, बाइक खांद्यावर घेऊन त्याच्यावरून गेले. पुढे एक ओहोळ आडवा आला, दगडगोट्यांचा. आरेत मी अशा जागी नेहमी उतरायचे. त्या दिवशी उतरले नाही. ब्रेक सोडला, वजन मागे घेतलं, आणि पलीकडे पोचल्यावर कळलं की आपण पोचलोय. कोपरातून रक्त येत होतं, छाती फुटेलसं वाटत होतं. पाठदुखीची आठवणही झाली नाही.

दारापाशी एक छोटी चौकी होती. साधारण माझ्याच वयाचा माणूस बाहेर बसून भाकरी खात होता. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यानं हेल्मेट पाहिलं, माझी तंग पॅन्ट पाहिली.

"ताई, तुम्ही फिरायला आलात ना? कालवा जरा झिरपतोच. दार कमी करायचं तर वरनं आदेश लागतो."

"झिरपत नाही. माझे वडील म्हणाले—"

"वडील कोण?"

"पाटकरी होते," मी म्हणाले. "तीस वर्षं. ते म्हणाले, पाणी गढूळ येतंय."

गढूळ म्हटल्याबरोबर त्यानं भाकरी खाली ठेवली. "गढूळ? नक्की?" हात न धुताच तो दाराच्या चाकाकडे धावला. चाक जड होतं. एका बाजूनं तो, एका बाजूनं मी. दोन आटे फिरवायचे, थांबायचं, पाणी बघायचं, पुन्हा दोन आटे. "हळूहळू" हे मला त्याला सांगावं लागलं नाही. ते त्याला ठाऊक होतं. पाणी निम्म्यावर आल्यावर त्यानं वायरलेसवरून साहेबांना कळवलं आणि मोटरसायकल काढली. झाडी टाळून खालच्या गाडीवाटेनं तो पुढे, मी त्याच्या मागोमाग.

परत आले तेव्हा अण्णा कालव्यात छातीएवढ्या पाण्यात उभे होते.

काठावर दहा-पंधरा माणसं, त्यात निम्म्याहून जास्त बाया. खालून वरपर्यंत रांग लागलेली, चिकणमातीची घमेली हातोहात येत होती. मैत्रीण मधोमध, चिखलानं माखलेली. मला बघून ती ओरडली, "अगं, काकांनी पाण्यावर भुसा टाकला! तो वाहत वाहत आला आणि एका जागी गोल फिरायला लागला. तिथंच भोक! सॉलिड ना?" त्या भोवऱ्याच्या जागी अण्णांनी मातीनं भरलेलं पोतं आत कोंबलं होतं आणि त्यावर पाय रोवून उभे होते.

"अण्णा, बाहेर या आधी!" माझा आवाज चिरकला.

"थांब गं. पाय काढला तर पोतं जाईल."

"तुमचं वय काय!"

"भोकाला वय कळत न्हाई. माती दे."

मी रांगेत उभी राहिले आणि माती दिली. दुसरं काय करणार? दारवाला माणूस कपड्यांसकट आत उतरला आणि अण्णांच्या शेजारी दुसरं पोतं दाबू लागला. दोघं फार बोलत नव्हते. "इकडं." "अजून." "बास." पाणी हळूहळू उतरत गेलं, अण्णांच्या छातीवरून कमरेवर. एक म्हातारी खाली पायथ्याशी बसून होती, तिला अण्णांनी पाण्याचा रंग बघायला बसवलं होतं. बऱ्याच वेळानं ती ओरडली, "आता निवळ येतंय!" मग ते निवळ पाणीही बारीक झालं आणि थेंब थेंब पडायला लागलं.

अण्णांना वर ओढून घ्यायला चार माणसं लागली. ओठ निळे पडले होते आणि ते हसत होते. आई गेल्यानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. मी टॉवेलनं त्यांचं डोकं खसाखसा पुसलं, जरा जास्तच जोरात. "मारतीस का काय," ते म्हणाले.

पाड्यावर आम्हाला तांदळाची भाकरी आणि वालाची भाजी मिळाली. अण्णा कुणाचीतरी लुंगी नेसून, चादर गुंडाळून उन्हात बसले. दारवाला शेजारी. तो विचारत होता आणि अण्णा सांगत होते: कुठला कालवा, किती लांबीचा, खेकडे कुठल्या मातीत जास्त, उन्हाळ्यात पाणी बंद असताना बिळं कशी शोधायची. मी वाढत होते. तीस वर्षांत यातलं मला काहीच माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं. म्हातारी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तुझा बाप शिकलेला आहे." मी हो म्हणाले.

सोमवारी अण्णांना सर्दी झाली, बुधवारी गेली. गुरुवारी ते गॅलरीतून म्हणाले, "त्या पार्कात सायकल आत नेऊ देतात का?" त्यांच्यासाठी एक जुनी, बिनगियरची सायकल घेतली. आता आम्ही सकाळी ऑफिसच्या आधी तासभर पार्कातल्या रस्त्यावर जातो. मी चढावर दमते, ते थांबून वाट बघतात. दारवाल्याचा अधूनमधून फोन येतो. भरावाचं पक्कं काम झालं, असं त्यानं कळवलं. पुढचं पाणी सुटायच्या आधी काका एकदा येऊन जातील का, असंही विचारलं.

आम्ही मार्चमध्ये गेलो. त्या दिवशी अण्णा दर शंभर पावलांवर सायकल थांबवून खाली उतरत होते, बरोबर आलेल्या पाड्यावरच्या दोन बायांना बिळं दाखवत. मैत्रीण कंटाळली.

"काका, आज तरी सरळ चला ना!"

"सरळ जायाला हायवे हाय की," अण्णा खालून म्हणाले आणि काठीनं पुढचं गवत बाजूला केलं.