विसर्जनापर्यंतची राखी

माझा धाकटा भाऊ सुतार. महाडला त्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड. आत विजेवरचं रंधा मशीन, कटर, ड्रिल, आणि जिथे बसाल तिथे भुसा. आम्ही मूळचे डोंगरावरच्या कुडपण गावचे. मी लग्न होऊन पोलादपूरला आले, शाळेत शिकवते. तो डोंगर उतरून महाडला गेला आणि मशीनवर पोट भरू लागला. बाजाराच्या निमित्ताने मी त्याच्याकडे डोकवायचे, तर मला दारातच अडवायचा.

"ताय, पदर खोच आधी. मग आत ये."

दिवसभर पोरांना दरडावणारी बाई मी. मला कुणी दारात उभं करून शिस्त लावलेली खपत नाही. मी मुद्दाम पदर मोकळा सोडून उभी राहायचे. मग तो मशीनच बंद करायचा. फिरतं पातं आपसूक थांबेपर्यंत माझ्याकडे बघायचासुद्धा नाही. थांबलं की वळून हसायचा. "हां, आता बोल गो."

एखादी म्हातारी सोवळं पाळते तसे तो मशीनचे नियम पाळायचा. मशीनशेजारी खिळ्याला एक करवंटी टांगलेली होती. सकाळी आल्या आल्या अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी त्या करवंटीत जायची आणि बाह्या कोपराच्या वर. पातं बदलायचं तर नुसतं बटण बंद करून त्याचं समाधान व्हायचं नाही. प्लग काढून समोरच्या टेबलावर ठेवायचा, डोळ्यांना दिसेल असा. एखादं गिऱ्हाईक शहाणपणा शिकवायचं, की हातमोजे का घालत नाहीस? त्यावर हा म्हणायचा, "मोजा पात्यात सापडला तं हाताला घेऊनच जाईल. उघडा हात बरा." महाडला मोठा पूर आला त्या वर्षी शेडमध्ये गळ्याएवढं पाणी शिरलं होतं. चिखल धुऊन झाल्यावर आजूबाजूच्यांनी मशीनच्या मोटारी उन्हात वाळवल्या आणि केल्या सुरू. याने मात्र वायरमनने तपासल्याशिवाय बटणाला बोट लावलं नाही. लोक त्याला भित्रा म्हणाले. चिडवायला म्हणून मीही म्हणाले.

इतकं सगळं पाळणारा माणूस, पण राखी काढायचा नाही.

आमच्या घरात राखी गणपतीपर्यंत हातावर ठेवतात आणि विसर्जनाला मूर्तीबरोबर पाण्यात सोडतात. त्याआधी काढणं बहिणीला चांगलं नसतं, असं आईने आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. त्यामुळे करवंटीत सगळं उतरायचं, राखी उतरायची नाही. बहिणीची राखी म्हणजे काही दागिना नव्हे, असं त्याचं म्हणणं.

अपघाताच्या आदल्या वर्षी त्याची राखी मशीनमध्येच तुटली होती. फळी पुढे ढकलताना मनगटाखाली लोंबणारा दोरा पात्याने ओढला. साधा सुती दोरा, तटकन तुटला. हाताला ओरखडासुद्धा नाही. पण विसर्जनाला नदीच्या काठावर तो ओशाळा होऊन उभा राहिला.

"तुटली गो. मशीननं खाल्ली."

आईचं तोंड उतरलं. सणासुदीचं हे काय, असं म्हणत ती मूर्तीच्या पाया पडली. त्याला ते फार लागलं. घरी परतताना मला म्हणाला, "पुढल्या वर्षी मजबूत आण, ताय. विसर्जनापर्यंत टिकाया हवी."

मी आणली. रेशमी, जाड गोफाची. बांधल्यावर त्याने ती दोन्हीकडून ओढून पाहिली आणि पोरासारखा खूश झाला. "आता हत्ती बांध हिला, तुटायची नाय!"

ते आठवलं की मला आजही मोठ्याने ओरडावंसं वाटतं. अरे, तुटली म्हणून तर वाचला होतास! त्या कमकुवत दोऱ्याने तुझा हात सोडवला होता, आणि आपण सगळे मिळून त्यालाच नावं ठेवत होतो. वाऱ्यावर हलणाऱ्या माझ्या पदराला भिणारा तू. तुझ्या डोक्यात हे कसं आलं नाही? माझा त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही. रडताना मध्येच तो राग येतो आणि मग रडायलाही जमत नाही.

गणपती तोंडावर आले होते. मुंबईकरांचे फोनवर फोन चालले होते, पाट झाला का, मखर झालं का. भर दुपारी तो एका पाटाची फळी रंधत होता. गोफाचं टोक पात्यात गेलं. गोफ तुटला नाही.

शेजारच्या वेल्डिंगवाल्याने शाळेत फोन केला. मी महाडला पोचेपर्यंत त्याला दवाखान्यात आत नेलेलं होतं. अंगठा राहिला, करंगळी राहिली. उजव्या हाताची मधली तिन्ही बोटं गेली. रंधा मशीन लाकडाचा भुसा करतं. जोडायला डॉक्टरांच्या हाती काही उरलं नव्हतं.

शुद्धीवर आल्यावर त्याने हाताचं विचारलं नाही.

"ताय, राखी कुठं हाय? विसर्जनाला लागंल."

ती डॉक्टरांनी कात्रीने कापून काढली होती. जपून ठेवलीय, असं मी खोटंच सांगितलं आणि बाहेर येऊन भिंतीला डोकं टेकून रडले.

दुसऱ्या दिवशी शेड बंद करायला मीच गेले. करवंटी खिळ्यावर होती. तिच्यात अंगठी, घड्याळ, साखळी, सगळं जागच्या जागी. घड्याळ चालू होतं. मी ते सगळं रुमालात बांधून आणलं. अंगठी आता त्याच्या डाव्या हातात असते. मशीन विकलं. हल्ली तो बाजारातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर बसतो. ड्रिल, कटर घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी अंगठी आणि घड्याळ काढायला सांगतो, आणि श्रावण असला तर राखीसुद्धा. काही ऐकतात, काही हसतात. उजवा हात तो खिशातच ठेवतो.

पुढच्या राखीपौर्णिमेला मी जावं की नाही, हेच मला कळेना. शेवटी गेले. साधा सुती दोरा नेला होता, फुंकर मारली तर उडेल असला. मी ताट मांडलं. तो डावा हात पुढे करील, असं मी धरून चालले होते. त्याने खिशातून उजवा काढला आणि माझ्यापुढे धरला. दोरा बघून त्याचा चेहरा पडला.

"हा काय आणलास? गेल्या वर्षीसारखी मजबूत नाय आणलीस?"

मी दोरा त्याच्या मनगटावर धरला.

"आता कसली भीती गो?" तो म्हणाला. "हा हात आता मशीनवर नाय जायाचा. बांध घट्ट."

मी बांधली. तो घट्ट, घट्ट म्हणत राहिला. पण गाठ मी सैलच मारली.