मंगळसूत्राची पांढरी वाटी

माझ्या मंगळसूत्राची एक वाटी पांढरी पडली, तेव्हा मी फार घाबरले. सकाळी केस विंचरायला आरशासमोर बसले, आणि बघते तर काय, एक वाटी पिवळी आणि दुसरी चांदीची वाटावी अशी! पदराने पुसली, चिंच लावून घासली, राखेने चोळली. जाईल तर शपथ.

मी कोणाला सांगणार नव्हते. पण आमच्या सासूबाई मालवणाकडच्या, आणि त्यांची नजर घारीची. भाकरी थापता थापता त्यांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं आणि हात तसाच पिठात राहिला. "अगो बाये माझ्या! ह्या सोना पांढरा कसा झाला?" मग हात न धुताच त्या देवासमोर उभ्या राहिल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, माझ्या झिलाक सांभाळ रे." झील म्हणजे त्यांचा मुलगा, माझा नवरा. मंगळसूत्राला काही झालं म्हणजे नवऱ्यावर संकट, हे मला कोणी समजावून सांगायला नको होतं.

त्या वर्षी संपाने गिरणी गेली होती आणि हे एका गोदामात माल चढवायच्या कामाला लागले होते. जड पेट्या, वर दोरखंड, कधी काय डोक्यात पडेल सांगता येत नाही. मी रोज दारातून बजावायची, "अहो, जपून." संध्याकाळी त्यांना जरा उशीर झाला की पायऱ्यांच्या टोकाला जाऊन उभी राहायची. सोमवार धरले, शनिवार धरले. हे हसायचे. म्हणायचे, "अगं, सोनाराने तुझ्या बापाला टोपी घातली, दुसरं काय! उगाच मला जिवंतपणी कशाला मारताय दोघी?" मला मात्र हसू यायचं नाही. खरं सांगते, मी इतकी घाबरले होते की त्यांना शिंक आली तरी मी हातातलं टाकून धावायची.

आणि ह्या सगळ्यात पोरीकडे कोणाचं लक्ष होतं? मुलगी वर्षाची व्हायला आली होती. रांगायची, धरून उभी राहायची. थंडी सुरू झाल्यापासून तिची किरकिर चालू होती. तळहात, तळपाय गुलाबी झालेले, कातडी सुटलेली. थंडीतही घामाने झबलं ओलं. झोप नाही, तोंडातून लाळ. डॉक्टर म्हणाले, दात येतायत. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली. मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या, दातांचं औषध आणून झालं. मला काळजी होती, नाही असं नाही. पण लहान मूल, आज रडतं उद्या हसतं, असं म्हणायचं आणि पुन्हा नवऱ्याच्या वाटेकडे डोळे लावायचे.

आमचं घर घाटकोपरच्या टेकडीवर. घरं पायरीपायरीने चढत गेलेली, त्यामुळे खालच्याचं छप्पर आमच्या अंगणाच्या पातळीला. बरोब्बर आमच्या खाली एक झारेकरी राहायचा. सोनारांच्या दुकानातली झाडलोट आणायची, धुवायची आणि त्यातून सोन्याचा कण न् कण काढायचा, हा त्याचा धंदा. दिवसभर त्याची भट्टी चालायची, आणि तिचा पाइप आमच्या ओट्याच्या तोंडाशी निघालेला. माणूस भला. वाटेत भेटला की वहिनी-वहिनी करायचा. फक्त त्याचे हात थरथरायचे. चहा प्यायला बसला की अर्धा बशीत सांडायचा. सगळे म्हणायचे, पितो.

शेवटी मीच हट्ट धरला. म्हटलं, ह्याचा सगळा जन्म सोन्यात गेलाय, ह्यालाच विचारू. मंगळसूत्र काढायचं म्हटल्यावर सासूबाईंनी थयथयाट केला. मग माझ्या गळ्यात दोऱ्यात ओवलेलं हळकुंड बांधलं, तेव्हा कुठे काढू दिलं. मुलगी माझ्या कडेवर, सासूबाई मागे, अशा आम्ही पायऱ्या उतरलो.

त्याने वाटी उजेडात धरली आणि खो खो हसला.

"अहो वहिनी, हा पारा! सोन्याला पारा लागला की असंच होतं. आम्ही पाऱ्यातच सोनं पकडतो ना, कचऱ्यातनं. मग तापवायचं, पारा उडून जातो, सोनं खाली. थांबा, आत्ता करून देतो."

त्याने दोन्ही वाट्या दोऱ्यातून काढल्या, पांढरी चिमट्यात पकडली आणि निखाऱ्यांवर धरली. चिमटा थरथरत होता. बघता बघता सोनं पिवळंधमक झालं. सासूबाई तिथेच मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. "माझो झील वाचलो गो!" मलाही हुंदका आला. इतके दिवस छातीवर ठेवलेला दगड कोणीतरी उचलला. हे घरी आले की मी त्यांना सांगणार होते, आज गोड करते.

तेवढ्यात झारेकऱ्याने सहज विचारलं, "पण तुम्हाला पारा लागला कुठनं? मी तर माझा थेंब बाहेर जाऊ देत नाही."

मी म्हटलं, "आत्ता उडाला, तो कुठे गेला?"

"गेला वाऱ्यावर." त्याने भट्टीच्या पाइपाकडे हात केला.

मी मान वर करून पाहिलं. पाइप, त्याच्यावर आमचा ओटा, आमच्या छपराचा पत्रा. थंडीत पहाटे तो पत्रा गार पडायचा, दंव धरायचा, आणि ते दंव टपटप खाली ओट्यावर नि पाण्याच्या पिंपात गळायचं. त्याच ओट्यावर मुलगी रांगायची. त्याच पिंपातल्या पाण्याने तिची अंघोळ. पिंपाच्या तळाशी मला काहीतरी चमकताना दिसलं होतं. मी समजले माशाचे खवले, सासूबाई तिथेच मासे साफ करायच्या ना.

मी तर कधी पाऱ्याला हात लावला नव्हता. मग माझ्या मंगळसूत्राला सारखा हात कोण लावत होतं? कडेवर घेतलं की मुठीत धरून कोण ओढत होतं, तोंडात घालत होतं?

मुलीने आत्ताही सवयीने माझ्या गळ्याशी हात नेला होता. मंगळसूत्र नव्हतं, म्हणून हळकुंड धरलं होतं. मी तिची मूठ उघडली. गुलाबी, सोललेला तळहात, आणि बोटांच्या बेचक्यात बारीक राखाडी चमक.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. एवढं आठवतं की मंगळसूत्र तिथेच ठेवून मी पायऱ्या चढत पळाले. ओट्यावर खराटा मारला, तर फरशीच्या भेगेतून चमचमते कण घरंगळत निघाले. आया-बाया गोळा झाल्या. कोणीतरी म्हणालं, किती सुंदर दिसतंय! मला तिचं थोबाड फोडावंसं वाटलं.

त्याच दुपारी मुलीला घेऊन मी दहिसरला माहेरी निघाले. सासूबाई दाराशी आल्या. मंगळसूत्र खालून घेऊन आल्या होत्या, पण मला घाल म्हणाल्या नाहीत. हात जोडून पुन्हा गाऱ्हाणं घातलं, आणि ह्या खेपेला झिलाचं नाव नव्हतं. "बा देवा म्हाराजा, ह्या पोराक सांभाळ."

संध्याकाळी ह्यांनी खाली जाऊन झारेकऱ्याची गचांडी धरली. तो बिचारा म्हणत राहिला, "अहो भाऊ, मी इतकी वर्षं ह्याच धुरात बसतोय. मला काय झालं?" आणि गचांडी धरलेल्या ह्यांच्या मनगटावर त्याचा हात थरथरत होता. हे म्हणाले, मग माझ्याच्याने त्याला मारवेना. महिन्याभरात आम्ही ती जागा सोडली.

मुलगी सुधारली. हातापायांचा गुलाबी रंग गेला, झोपायला लागली, चालायला लागली. डॉक्टर म्हणाले, लवकर हलवलंत, बरं केलंत. पुढे काही होईल का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. आता ती चाळिशीच्या घरात आहे. पोराबाळांची झाली. हे सत्तरी ओलांडून ठणठणीत आहेत, रोज फिरायला जातात, मला त्यांची एवढीसुद्धा काळजी वाटत नाही.

मुलगी मात्र घरी आली की मी तिला आधी चहा देते. काठोकाठ भरून. ती म्हणते, "आई, किती भरतेस गं, सांडेल ना!" ती कप उचलते, आणि मी कपातल्या चहाकडे बघत बसते.