कोस्तान्साताईंची डोळे मिटण्याची शिस्त

सापारुआ बेटावर जन्मूनही कोस्तान्साताई समुद्राला भ्यायच्या. मासळी पोटभर खायच्या, पण होडीचं नाव काढलं की त्यांना हमखास ताप भरायचा.

चर्चमधली तरुण पोरं एकवीस वर्षं त्यांच्या हाती होती. ताईंची शिकवण एकच : रोज सकाळी, असाल तिथे, दोन मिनिटं प्रार्थना. चुलीपाशी, विहिरीवर, जाळं दुरुस्त करताना, कुठेही. नियमही एकच : ‘प्रार्थना करू या’ म्हटलं की हातातलं टाकायचं, हात जोडायचे, डोळे घट्ट मिटायचे. कुणाचे डोळे किलकिले दिसले की चिमटा! एकदा त्या शब्दांसरशी फेबेच्या हातून लवंगांची टोपली सांडली, तर ताईंनी तिची पाठ थोपटली.

त्या शनिवारी समोरच्या नुसालाऊत बेटावर तरुणांचा मेळावा होता. चर्चच्या पाळकांनी अट घातली, ताई बरोबर असतील तरच पोरं जातील. सात पोरांचे चेहरे असे पडले की ताईंना तापसुद्धा भरेना. गेल्या बिचाऱ्या.

होडी फेबेच्या बापाची. होडी वळवायच्या इंजिनाच्या दांड्यावर फेबे. अर्धी वाट बरी गेली. मग वारा फिरला. लाटा काळ्या होऊन उंच उठू लागल्या. ताईंनी शेजारच्या मार्थेनचा दंड पकडला.

“ताई, नखं!” मार्थेन कळवळला.

“गप बस. फेबे, किती राहिलं गं?”

“मघाशी होतं तेवढंच.”

एकवीस वर्षांच्या सवयीनं ताईंच्या तोंडून निघून गेलं, “प्रार्थना करू या!”

सातही जणांनी हातातलं टाकलं, हात जोडले, डोळे मिटले. सातवी फेबे.

मोकळा सुटलेला दांडा गर्रकन फिरला. होडी लाटेला आडवी झाली. एका अंगानं पाणी आत आलं, आणि पोरं आपली शांत, माना खाली घालून!

“डोळे उघडा! अगं फेबे, दांडा! दांडा धर!”

फेबेनं झडप घातली. पुढची लाट फूटभरावर असताना होडीचं तोंड सरळ झालं. मार्थेन डब्यानं पाणी उपसू लागला.

“आमेन म्हणायचं राहिलं,” तो पुटपुटला.

“ताई,” फेबेनं दांडा न सोडता विचारलं, “तुम्हाला कसं दिसलं? तुमचेही डोळे मिटलेले असतील ना?”

खोटं बोलायला ताईंच्या अंगात त्राणच नव्हतं. “नव्हते गं. भीतीनं मिटलेच नाहीत.”

कुणी हसलं नाही. पुढून आणखी एक लाट येत होती.

“माझं चुकलं,” ताई म्हणाल्या. “आता उघड्या डोळ्यांनी करा. हातातलं काम न सोडता. दिसेल ते प्रभूला सांगा.”

“प्रभू, डावीकडून मोठी येतेय,” फेबे म्हणाली, “मी वळवते, तू धरून ठेव.”

“प्रभू, पाणी घोट्यापर्यंत आहे. उपसतोय,” मार्थेन म्हणाला. “आणि ताईंची पकड जरा सैल कर.”

पकड काही सैल झाली नाही. नुसालाऊतचा धक्का येईपर्यंत प्रार्थना चालूच राहिली, पाऊण तास. दोन मिनिटांचा नियम मोडल्याबद्दल ताईंनी कुणालाही चिमटा काढला नाही.