कोडापायी गेलेले रविवार

आई काजूच्या कारखान्यात बिया फोडायची. काजूच्या सालीतलं तेल लागून हाताची कातडी काळी पडते, मग सोलून निघते. त्यामुळे रेशनच्या दुकानातल्या मशीनवर तिचा अंगठा उमटायचा नाही. दुकानदार सगळ्यांच्या देखत म्हणायचा, "वहिनी, हात धुवून येवा." जसं काही ती पारोशीच आली होती. बाबा गावात ग्रिल, गेट, शेडचे सांगाडे, मिळेल ते वेल्डिंग करायचे. पावसाळ्यात तेही बंद. आमच्याकडे गणपतीला नवा कपडा घरात एकालाच यायचा आणि तो बहुतेक वेळा मला यायचा, कारण मी शाळेत पहिली यायचे. आईचा हिशोब साधा होता. जिच्याकडून काही होण्याची शक्यता आहे, तिच्यावर खर्च करायचा.

मग वाडीतल्या मास्तरांच्या मुलाने बाबांसाठी कुठल्याशा कॉन्ट्रॅक्टरकडे शब्द टाकला आणि बाबा अबुधाबीजवळच्या मुसफ्फाच्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये वेल्डर म्हणून लागले. हा मास्तरांचा मुलगा शारजात अल मजाजच्या टॉवरमध्ये राहायचा, दुबईत एका ऑफिसात मॅनेजर होता. त्याला आम्ही साहेब म्हणायचो, मी तोंडावर काका. वयाने बाबांपेक्षा लहान, पण बाबा त्याला अहोजाहो करायचे आणि तो बाबांना मिस्त्री म्हणायचा. टाकलेला तो एक शब्द त्याने पुढे किती वर्षं वसूल केला, ते मी इथे आल्यावर पाहिलं.

मी बी.कॉम. झाले. आमच्या घरातलीच काय, आमच्या आळीतलीही मी पहिली ग्रॅज्युएट. हे मी मुद्दाम सांगते, कारण साहेब ते कधी सांगत नसे. शारजातल्या एका ट्रेडिंग कंपनीत अकाउंट्सची नोकरी मी स्वतः शोधली, इंटरव्ह्यू स्वतः दिला. तरी साहेबाने इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "हिला पण मीच आणली." मी खांदा काढून घेतला. बायकांना वाटलं, मुलगी लाजाळू आहे.

अल मजाजमध्येच मी तीन मुलींबरोबर एका खोलीत बेड भाड्याने घेतला. वाटलं होतं, बाबा आणि मी एकाच देशात आहोत, रविवारी सुट्टी, भेटू, जेवू, खाडीच्या कडेला बसू. कसलं काय. बाबा दर रविवारी दोन बस बदलून मुसफ्फाहून शारजाला यायचे, पण माझ्याकडे नाही. साहेबाकडे. तिथे काहीतरी निघालेलंच असायचं. कपाटाचा बिजागर, पडद्याचा दांडा, बाथरूमचा नळ, कुणाच्या तरी नव्या टीव्हीचा स्टँड. बाबांना भेटायचं तर मला साहेबाच्या हॉलमध्ये जाऊन बसावं लागे. बाबा स्टुलावर उभे, मी खाली स्क्रू हातात घेऊन. अशी आमची भेट.

"बाबा, शब्द टाकला त्याला किती वर्षं झाली?" मी एकदा विचारलं.

"त्या शब्दासाठी नाय गो. कोड लागता ना."

कोडाची गोष्ट अशी. लेबर कॅम्पात बाबांच्या खोलीतल्या सगळ्यांना कबड्डीचं वेड. कुणी सांगलीचा, कुणी साताऱ्याचा, आम्ही सिंधुदुर्गातले, पण कबड्डी म्हटलं की सगळे एका भाषेत ओरडतात. सामने दिसायचे एका ॲपवर. ते ॲप उघडलं की विचारायचं, तुमच्या घरी केबल कुठल्या कंपनीचं? कंपनी निवडायची, तिथलं खातं टाकायचं, की ज्याच्या नावावर केबल आहे त्याच्या फोनवर एक कोड जातो. तो कोड टाकला की ॲप फुकट. घरी केबल आहे ना, मग फोनवरही बघा, असा तो मामला. साहेबाने मोठ्या मनाने बाबांना ते खातं दिलं होतं. पण दर थोड्या दिवसांनी ॲप आपोआप बंद पडायचं आणि पुन्हा कोड मागायचं. मग बाबा साहेबाला फोन करायचे.

"साहेब, कोड मिळेल का?"

"बघतो. मीटिंगमध्ये आहे." मग बऱ्याच वेळाने, "हां, मिस्त्री, लिहून घे. आणि रविवारी ये जरा, किचनचा दरवाजा घासतोय."

म्हणजे कोड आणि दरवाजा एकाच वाक्यात. वर खोलीतले लोक बाबांना विचारत राहायचे, "मिस्त्री, आला का कोड?" खोलीत बाबांचा मान त्या कोडावर होता आणि कोड साहेबाच्या मर्जीवर. या देशात मी बऱ्याच प्रकारची गुलामगिरी पाहिली आहे, पण टीव्ही बघण्यासाठी दुसऱ्याच्या घरचे बिजागर बसवणं हा प्रकार आपल्याच माणसाने काढलेला.

आता गंमत ऐका. हाच साहेब चारचौघांत सांगायचा, "केबल आम्ही केव्हाच कापून टाकलं. आता सगळं ॲपवर. केबल ठेवणारे लोक म्हणजे जुनी पिढी." ऐकणारे माना डोलवायचे. त्यातल्या निम्म्यांनी आपणही कापल्याचं जाहीर करून टाकलं. कापणं ही तिथे पदवी होती. मी अकाउंट्सवाली, मला एवढं कळत होतं की ज्याच्या घरी केबलच नाही, त्याच्या फोनवर केबलचा कोड कसा येईल? मंडळाच्या एका कार्यक्रमात मी विचारलंही.

"काका, केबल कापलंय तर लॉगिन कसं चालतं?"

"बेटा, ते टेक्निकल आहे. तुझं अकाउंट्स वेगळं."

बायका हसल्या. मी सामोसा खाल्ला.

गेल्या सीझनला कबड्डी शेवटच्या फेऱ्यांत आली आणि ॲप पुन्हा बंद पडलं. पण या वेळी कोड मागितला नाही. बाबांनी स्क्रीनचा फोटो काढून मला पाठवला, कारण सगळं इंग्रजीत. मी वाचलं. लिहिलं होतं की केबलच्या खात्यातून आत येण्याची सोय कायमची बंद केली आहे, ॲप बघायचं तर थेट आमच्याकडून घ्या. पूर्वी केबलवाल्यांबरोबर गळ्यात गळे होते, आता ॲपवाल्यांना गिऱ्हाईक थेट हवं होतं. एवढंच.

मी बाबांना फोन केला. "खलास झालं ते. आता कुणाच्याच कोडाने चालणार नाही."

"साहेब म्हणाले, बघतंय. बाल्कनीक जाळी लावून झाली की चालू करून देतत."

"बाबा, ते चालू करणं त्यांच्या हातातच नाही. मी वाचलंय."

"तू वाचलंस ता बरोबर असात गो. पण साहेब म्हणाले ना."

इथे मला बाबांचा राग आला आणि साहेबाची किळस. कबुतरांसाठी बाल्कनीला लोखंडी चौकटीची जाळी, म्हणजे दोन रविवारांचं काम. बंद पडलेल्या वस्तूच्या बदल्यात तो ते करून घेत होता. फसवायचं तर काही मोठं तरी फसवावं माणसाने. हा कबड्डीवर फसवत होता.

दुसऱ्या रविवारी मी गेले. बाबा बाल्कनीत ड्रिल लावत होते, साहेब सोफ्यावर फोन घेऊन पहुडला होता. त्याच्या पत्नीने चहा आणला, स्टीलच्या पेल्यात बाबांना, कपात मला. डिग्रीचा एवढा फायदा. मी माझा कप बाबांच्या हातात दिला आणि पेला मी घेतला.

"काका," मी म्हटलं, "त्या ॲपचं केबल लॉगिन कायमचं बंद झालंय ना?"

"अगं, टेम्पररी आहे. माझं बोलणं चालू आहे त्यांच्याशी. इन्शाल्ला, या आठवड्यात होईल."

"कुणाशी बोलणं चालू आहे?"

"वर. वरच्या लोकांशी."

तेवढ्यात त्याची मुलगी आतून आली. इथलीच वाढलेली, मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत. टॅब हातात, तोंड वाकडं.

"डॅड, मामाज लॉगिन इज डेड. मॉम टोल्ड यू लास्ट वीक. जस्ट पे फॉर इट."

ड्रिल थांबलं. बाबांना इंग्रजी येत नाही. पण मामा आणि लॉगिन हे दोन शब्द कुणालाही येतात.

साहेबाने मुलीकडे पाहिलं, मग बायकोकडे. ती ट्रे घेऊन आत गेली. कोड एवढा उशिरा का यायचा, ते मला त्या क्षणी कळलं. मीटिंग कसली. तो आपल्या मेहुण्याला फोन करायचा. मेहुणा खाडीच्या पलीकडच्या टॉवरमध्ये, त्याच्या घरी केबल, त्याच्या फोनवर कोड. मेहुणा त्यालाही ताटकळत ठेवत असणार. केबल कापल्याची फुशारकी मारणारा हा गृहस्थ मेहुण्याच्या केबलवर जगत होता आणि त्याच उसन्या केबलवर माझ्या बापाकडून घर दुरुस्त करून घेत होता.

"मामाचं म्हणजे," साहेब म्हणाला, "फॅमिली अकाऊंट आहे ते. कॉमन."

"मग जाळी मामाच्या बाल्कनीला लावायला हवी होती," मी म्हणाले.

"हे बघ, जरा मोठ्यांशी बोलायची पद्धत शिक. चार बुकं शिकलीस म्हणून..."

"पंधरा वर्षं शिकले, काका. बारावीच्या पुढे तीन."

बाबा मधे पडले नाहीत. त्यांनी उरलेले स्क्रू आवळले, जाळी हाताने ओढून बघितली, ड्रिल पुसून पेटीत ठेवलं. साहेब म्हणाला, "मिस्त्री, मनावर घेऊ नकोस. पुढच्या रविवारी बाथरूमच्या टाइल्सचं बघू, तोपर्यंत ॲपचं मी काहीतरी करतो."

"मी येवचंय नाय, साहेब," बाबा म्हणाले. इतक्या वर्षांत ते साहेबाशी कधी मालवणीत बोलले नव्हते.

खाली बस स्टॉपवर आम्ही उभे राहिलो. बाबांचं तोंड उतरलेलं. मला वाटलं, साहेबाशी बिनसलं म्हणून. पण त्यांची काळजी वेगळीच होती.

"खोलीत काय सांगू गो? सगळे माका विचारतले."

"खरं सांगा."

"मेहुण्याचा होता म्हणान सांगू?"

"तेच सांगा."

त्यांनी सांगितलं. सांगलीवाला म्हणे पोट धरून हसला. "म्हणजे मिस्त्री, आपण साहेबाच्या मेहुण्याचे मेहुणे." मग साताऱ्याच्या एकाने विचारलं, ते ॲप विकत घ्यायला काय पडतं? तोवर हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. फुकट मिळणाऱ्या गोष्टीची किंमत कोण विचारतो? सगळ्यांत वाटून प्रत्येकाच्या वाट्याला एका शावरम्याएवढेही पैसे येत नव्हते. एवढ्यासाठी माझ्या बापाने शारजातले नळ दुरुस्त केले.

त्यांनी बाबांच्या फोन नंबरवर खातं काढलं. मी फक्त इंग्रजी वाचून दाखवलं, व्हिडिओ कॉलवर. पासवर्ड काय ठेवला, ते बाबांनी मलाही सांगितलं नाही. "खोलीतला आसा," म्हणाले.

साहेब आता मंडळात सांगतो की कॅम्पातल्या लोकांना माज आलाय आणि मुलींना शिकवलं की असं होतं. केबल लॉगिन गेलं ते बरंच झालं, असंही सांगतो. लोक अजून माना डोलवतात. त्यातल्या किती जणांची ॲप्स त्या आठवड्यात बंद पडली आणि किती जणांनी गुपचूप पैसे भरले, ते मला माहीत आहे, कारण त्यांच्यापैकी दोघींनी मलाच विचारलं, कार्ड कुठलं चालतं. आपण केबल कापलं म्हणणाऱ्यांनी कापलं काहीच नव्हतं. फक्त बिल दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवलं होतं.

त्यानंतरच्या रविवारी बाबा माझ्याकडे आले. मी ऑफिसातल्या एकीची गाडी मागितली आणि आम्ही खोर फक्कानला गेलो. डोंगरातून रस्ता, मग एकदम समुद्र आणि बंदराच्या क्रेन. बाबांनी लांबूनच क्रेनचे जोड न्याहाळले, एक वेल्ड वाईट केलाय म्हणाले, आणि वाळूत आडवे होऊन झोपले.

माझे बाबा आता रविवारी कुणाच्या घरी कामाला जात नाहीत.