मेलेल्या जंतूंचं पाणी

डायलिसिस विभागात त्यांना सगळे पाण्याच्या बाई म्हणत. बावीस वर्षं एकच काम: मशीनला जाणारं पाणी गाळायचं, तपासायचं, टाकी धुवायची. जीभ मात्र तिखट. नळ गळला की प्लंबरचा उद्धार; चपला घालून कोणी पाण्याच्या खोलीत शिरलं की त्याच्या सात पिढ्यांचा. इन्चार्जसुद्धा सहसा त्यांच्या वाटेला जात नसे.

त्या सोमवारी शिंपीदादांना हुडहुडी भरली. सहा वर्षं आठवड्यातून तीनदा येणारा माणूस. मशीनला लावून अर्धा तास होत नाही तोच दात वाजायला लागले, अंग तापलं, रक्तदाब घसरला. शेजारच्या दोघांचंही तेच. बुधवारी पुन्हा तसंच. इन्चार्जने पाणी तपासायला पाठवलं होतं, त्याचा अहवाल गुरुवारी सकाळी आला: एकही जिवंत जंतू नाही. झालं! पठ्ठ्याने लगेच शिंपीदादांना फोन करून सांगितलं, की पाणी स्वच्छ आहे, तुमचं शरीरच आता साथ देत नाही.

तासाभरात शिंपीदादांच्या बायकोचा बाईंना फोन आला. ते उद्यापासून येणार नाहीत म्हणतात, दुकानाची मोठी कात्रीसुद्धा जावयाला देऊन टाकली. डायलिसिस सोडल्यावर माणूस किती दिवस काढतो, हे बाईंना कोणी सांगायला नको होतं.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिवंत जंतू नाही म्हणे! अरे, मग मेलेले कुठे गेले? टाकीत फिरवलेल्या जंतुनाशक औषधाने जंतू मरतो, पण त्याच्या बाहेरच्या सालीतलं विष पाण्यात तसंच राहतं, उकळूनही जात नाही. त्याचे बारीक तुकडे मशीनच्या गाळणीतूनही रक्तापर्यंत पोचतात. आणि रक्तातल्या राखणदार पेशी जंतू जिवंत आहे की मेलेला, हे बघत बसत नाहीत. त्या साल ओळखतात. राखणीचं कुत्रं चोराच्या नुसत्या सदऱ्यावरही भुंकतं, तसं. साल दिसली की अंगभर हाकाटी, आणि मग थंडी, ताप. शिंपीदादांचं शरीर साथ देत नव्हतं काय? चोख देत होतं बिचारं!

या विषाची चाचणी कपाटात होती, पण तीन महिन्यांतून एकदाच वापरायची अशी ताकीद होती. बाई कोणाला विचारायला गेल्या नाहीत. चाचणीच्या छोट्या नळीतल्या रसायनात टाकीतलं पाणी घातलं, तासभर ऊबेत ठेवलं आणि नळी इन्चार्जच्या नाकासमोर उलटी धरली. आतला थेंब हलला नाही. थिजून तळाला चिकटला होता. म्हणजे विष होतं.

इन्चार्जने रजिस्टर उघडलं. रविवारी टाकीत औषध फिरवल्यावर ती घासून दोन तास धुवायला हवी होती. धुतली होती अर्धा तास.

"सही तुमची आहे," तो म्हणाला.

होतीच. दुपारच्या आत आटपा असं त्यानेच बजावलं होतं, हे खरं. पण त्या दिवशी बहीण घरी जेवायला यायची होती, म्हणून एरवी जगाशी भांडणाऱ्या बाई हूं की चूं न करता निघाल्या होत्या. आता त्यांना स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटली.

"माझीच आहे," त्या म्हणाल्या. "आणि आज मशीन बंद, हेही मीच लिहिते."

संध्याकाळपर्यंत त्यांनी टाकी आणि पाइप घासले, धुतले, पुन्हा धुतले. तिथून तडक शिंपीदादांच्या घरी गेल्या आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. तुमच्या शरीराची काही चूक नाही. चूक माझी आहे.

 शिंपीदादांचा आवाज चढला. "सहा वर्षं तुमच्या भरवशावर हात पुढे केला. मी मरायची तयारी केली, आणि तुम्ही घाईत होता?"

आयुष्यात कोणाचं ऐकून न घेणाऱ्या बाई एवढंच म्हणाल्या, "हो. घाईत होते."

शुक्रवारी शिंपीदादा आले. खुर्चीत बसले, पण हात शालीखालीच ठेवला. आधी नळी दाखवा म्हणाले. बाईंनी सकाळच्या चाचणीची नळी त्यांच्यासमोर उलटी केली, तसा थेंब सरळ खाली ओघळला. तरी शिंपीदादांनी ती स्वतःच्या हातात घेतली, उजेडात धरून पुन्हा उलटी करून पाहिली. मग शाल बाजूला केली आणि बाही वर सरकवली.

"सोमवारीही बघणार आहे," ते म्हणाले.

"बघितलीच पाहिजे," बाई म्हणाल्या, आणि नळी त्यांच्या खुर्चीशेजारी ठेवून पाण्याच्या खोलीत गेल्या.